विसाव्या पायरीच्या पुढे

तुम्ही कधी ढगावरून चालला आहात? मीही नाही. पण त्याचा नियम मला पाठ आहे! तोल सांभाळायचं कौशल्य आणि फाशाचा आकडा यांची बेरीज १२० भरली, की खुशाल ढगावर पाय ठेवायचा. पाण्यावरून चालायला ९० पुरतात. धबधब्यातून उलटं वर पोहायचं असेल, तर ८०.

हे नियम आहेत 'एपिक लेव्हल हँडबुक' नावाच्या जाडजूड इंग्रजी पुस्तकात. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी काढला. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. बेत जमला की फसला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पुण्याच्या मामेभावानं, म्हणजे दादानं, एका दिवाळीच्या सुट्टीत तो आम्हाला शिकवला. आता शेलूबाजारात वीस बाजूंचा फासा कुठून आणायचा? मग आईचा स्टीलचा डबा आणि १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठी काढायची, वाचायची, परत टाकायची.

पहिल्या दिवशी छोटीच्या जादूगाराला जेमतेम चार प्राणगुण होते. एका मांजरीनं ओरबाडून त्याला लोळवलं! छोटी खरोखर रडली होती. तिथून तीन वर्षांत आमची पात्रं विसाव्या पायरीवर पोचली. आमच्याकडच्या जुन्या नियमांत पायऱ्या तिथंच संपतात.

आणि नेमका त्याच वेळी माझा शेजारचा मित्र दहावी होऊन अकरावीसाठी नागपूरला निघाला. २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून नागपूर जवळ आलं म्हणतात. मला तरी ते लांबच वाटत होतं. खेळ संपला तर तो सुट्टीतही आमच्याकडे कशाला येईल? म्हणून दादानं जुन्या पुस्तकांच्या दुकानातून २००२ चं हे पुस्तक आणून दिलं, तेव्हा मी रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. विसाव्याच्या पुढे पायऱ्याच पायऱ्या! एकविसावी चढायला आणखी २०,००० अनुभवगुण. मंत्रांची 'बीजं' जोडून स्वतःचे नवे मंत्र रचायचे आणि त्यासाठी सोनं, दिवस आणि कमावलेले अनुभवगुण खर्च करायचे. ही कल्पना मला फारच आवडली.

शनिवारी मी सगळ्यांना एकदम पंचविसाव्या पायरीवर बसवलं. मित्राच्या योद्ध्यानं एकाच डावात चार वार केले, प्रत्येक वाराची वेगळी चिठ्ठी, वेगळी बेरीज. दोन तास नुसती गणितं! राक्षस आला काय, मेला काय, कोणाच्या पोटात गोळा आला नाही. छोटी जांभई देत म्हणाली, "यापेक्षा ते मांजर बरं होतं." मित्र काहीच बोलला नाही. मला भयंकर राग आला, पण पुस्तकाचा की स्वतःचा, ते कळेना. एवढं सामर्थ्य वाटणाऱ्या पुस्तकात घाबरायला काही मी ठेवलंच नव्हतं.

आजी शेंगा फोडत ऐकत होती. तिला खेळ कळत नाही (असं आम्ही समजतो). ती म्हणाली, "पोट्टेहो, मारुतीले ऋषींचा शाप होता. आपली ताकद आपल्यालेच आठवत नव्हती. म्हणून तं समुद्राकाठी जांबुवंताले आठवण द्या लागली. आधीच आठवली असती, तं रामायण किती दिवस चाललं असतं?"

खरंच की! कर्णाला ऐन वेळी विद्या आठवणार नाही, भीष्म शिखंडीवर बाण सोडणार नाहीत. आपल्या गोष्टींतल्या पंचविसाव्या पायरीवाल्यांना काही ना काही अडतंच.

पुढच्या शनिवारी मी पुस्तकाच्या आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं आमचा नियम लिहिला: विसाव्याच्या पुढे जाणाऱ्यानं आधी एक शाप घ्यायचा. छोटीनं क्षणात सांगितलं, "मांजर दिसलं की माझा जादूगार मंत्र विसरतो." मित्रानं बराच वेळ लावला. मग म्हणाला, "गावाची वेस ओलांडली, की माझ्या योद्ध्याची ताकद निम्मी."

मी ते लिहून घेतलं. कोणी हसलं नाही.

त्याच दिवशी गोष्टीत गावाला वेढा पडला आणि मदत आणायला कोणीतरी वेशीबाहेर जाणं भाग होतं. मित्र उठून उभा राहिला. डबा हलवून त्यानं चिठ्ठी काढली आणि उघडायच्या आधी मुठीत घट्ट धरली. "लवकर उघड ना!" छोटी ओरडली.

चिठ्ठीवर आकडा होता १.

रात्री साडेअकराला आईनं दिवा बंद केला, तेव्हा त्याचा योद्धा जखमी होऊन ओढ्यात पडलेला होता. आता पुढचा डाव दिवाळीच्या सुट्टीत. डबा त्यानं सोबत नेलाय.