आईच्या वहीतले दोन रकाने



आपल्या धार-देवासच्या आठवणींत राजवाडा, माताजींची टेकरी, गणेशोत्सव भरपूर येतात. आज जरा आईच्या हिशेबाच्या वहीबद्दल.

कुमार गंधर्व क्षयाने आजारी असताना १९४८ मध्ये कोरड्या हवेसाठी देवासला आले, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आमच्या लहानपणी मात्र औद्योगिक भागाजवळची हवा वेगळीच होती. बाबा तिथेच नोकरीला, म्हणून घरही जवळ. थंडीत दोरीवरचे कपडे काळपट व्हायचे.

धाकटा भाऊ चौथीत असताना त्याला दमा निघाला. डॉक्टर म्हणाले, "धूळ-धूर टाळा." टाळायचा कसा?

वहीत 'शिक्षण' आणि 'औषधपाणी' असे शेजारी दोन रकाने होते. इनहेलर, नेब्युलायझर, रात्री-अपरात्रीची रिक्षा हे दुसऱ्यात. पण खर्च तिथे थांबेना. दिवाळी ते संक्रांत त्याची शाळा इतकी बुडायची, की ट्यूशन लावावी लागली. म्हणजे धुराचा खर्च शिक्षणाच्या रकान्यातही शिरला. पगार तेवढाच, मग काहीतरी कमी करायलाच हवं. इंदूरच्या कोचिंगला मी जायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. "ताई हुशार आहे, घरीच करेल," बाबा म्हणाले. मी देवासलाच बी.एस्सी. केलं. भावावर कधी राग आला नाही, त्या वहीवर मात्र यायचा.

सातवीत त्याला धारला आत्याकडे ठेवलं. तिथे त्याचा खोकला कमी झाला, शाळा नियमित झाली. वहीत 'धार' असा तिसरा रकाना आला. आई दर महिन्याला इंदूरवरून बस बदलून त्याला भेटायला जायची आणि परतल्यावर दिवसभर गप्प असायची.

२०१९ मध्ये सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्यातल्या शहरांत देवास आहे. २०२५ मध्ये भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा धार जिल्ह्यातल्याच पीथमपूरला आणून जाळला. तेव्हा आत्या फोनवर म्हणाली, "आता पोरांना कुठं पाठवायचं गं?"

फी वाढली की आपण शाळेला बोलतो. पण मुलाच्या खोकल्यापायी बुडालेले दिवस, त्यासाठी लावलेली ट्यूशन आणि दुसऱ्या मुलाचा राहून गेलेला क्लास यांची बेरीज कुणी मांडत नाही. तुमच्या घरी अशी जुनी वही असेल, तर एकदा उघडून बघा. काय सापडलं ते इथे जरूर लिहा.