सुपारी खालूबाजाची

लग्न ठरल्याची सुपारी फुटली की दुसरी सुपारी बाजाला जायची, ही माझ्या रोह्याच्या माहेरची रीत. मांडव भावकी घालायची, जेवण गावातल्या जाणत्या हातांचं असायचं. बाहेरून बोलवावं लागे ते भटजींना आणि खालूबाजाला. वडील संध्याकाळी नारळ, विडा आणि इसाराचे पैसे घेऊन वाजवणाऱ्यांच्या वाडीवर जात. हळदीपासून यायचं की थेट लग्नाला, वरात कुठून निघणार, किती माणसं येणार, सगळं ओसरीवर बसून ठरे. सुपारी हातात पडली की शब्द पक्का. कागदाची गरज कुणाला वाटली नाही.

खालूबाजा म्हणजे सनई, ढोल, टिमकी आणि झांज. रायगडात आणि त्याला लागून मंडणगड-दापोलीकडे शिमग्याची पालखी असो की लग्नाची वरात, याच्याशिवाय पाऊल उचलत नसे. सनईवाला गालात हवा साठवून ती नळीत सोडतो आणि त्याच वेळी नाकाने श्वास आत घेतो, म्हणून सूर तुटत नाही. ढोल चालीचा भार घेतो, दोन बारीक काड्यांनी वाजणारी टिमकी त्या भारावर नाचते. कोकणातल्या दमट हवेत चामडं सैल पडतं. म्हणून वाजवण्याआधी पेंढ्याचा जाळ करून टिमकी शेकतात. आमच्या आळीत तो धूर दिसला की आम्ही पोरं हातातलं ताट टाकून धावत असू.

माझे कान तयार झाले ते धावीर महाराजांच्या पालखीत. रोह्याच्या या ग्रामदैवताला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, आणि मग पालखी गावभर घरोघरच्या आरत्या घेत फिरते. त्या गर्दीत एक गोष्ट मी फार लहानपणी पाहिली. पालखी चढाला लागली की ढोल संथ होई, भोयांना दम घेऊ देई. सपाटीला आली की टिमकी पुन्हा धावू लागे. लग्नातही तेच. नाचणाऱ्यांचा फेर धरला जाई. त्यात एखादी आजी शिरली की सनईवाला तिच्या पावलांकडे बघून चाल उतरवी, आणि तिचा उत्साह वाढला की हळूच चढवी. वाजवणारा आपल्याकडे बघतोय, ही जाणीवच नाचायला लाजणाऱ्याला मांडवाच्या मध्यभागी ओढून आणायची.

लग्न होऊन मी पेणला आले. गणपतीच्या कारखान्यांचं हे गाव. अवतीभवतीच्या आगरी वाड्यांत हळदीची रात्र लग्नाहून मोठी. तिथे धवलारीण मला पहिल्यांदा भेटली. वाद्याचा आधार न घेता, नुसत्या आवाजावर ती लग्नाचा एकेक विधी गाऊन पार पाडते. धवळ्यांची ही परंपरा मराठीत फार जुनी. तेराव्या शतकात महदंबेने रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे रचले. धवलारणीचं गाणं थांबलं की अंगणात बेंजो सुरू व्हायचा. हे वाद्य जपानमधलं, १९१२च्या सुमारास नागोया शहरात जन्मलेलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं, मग विजेवर चढून कोळीगीतांच्या चाली वाजवू लागलं. परकं म्हणून त्याला कुणी अंगणाबाहेर ठेवलं नाही, कारण बेंजोवालाही डोळे उघडे ठेवून वाजवायचा. नवऱ्याच्या मामाला कोणतं गाणं लागतं हे त्याला दुसऱ्या कडव्याला कळायचं.

मग डीजे आला. ट्रॉलीवर रचलेल्या भिंतीएवढ्या आवाजापुढे खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून आत जातात, तान्ही मुलं रडतात. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे. तरी तो पाळावा म्हणून शेजाऱ्यांना पोलिसांची वाट पाहावी लागते, हे मला सलतं. त्याहून अधिक सलतं ते हे, की त्या आवाजात कुणी कुणाला बघत नाही. गाणं आधीच ठरलेलं, वेग आधीच ठरलेला. नाचणारा दमला काय आणि पडला काय, गाणं आपल्या वेळेलाच संपतं.

लेकीचं लग्न ठरलं तेव्हा म्हणूनच मी दिवा-रोहा गाडीत बसले. कासू, नागोठणं मागे टाकत रोह्याला उतरले आणि रिक्षाने वाडीवर गेले. सनईवाले काका आता थकले आहेत, पण विचारायचे प्रश्न विसरलेले नाहीत.

“ताई, वरात कुठनं कुठं? वाटंत चढ हाय का? दवाखाना लागतो का? घरात कुणी आजारी?”

या प्रश्नांत माझ्या लेकीचं लग्न त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहत होतं. दवाखान्यापुढे ते ढोल थांबवणार होते, देवळापुढे चाल बदलणार होते, आणि मंगलाष्टकं संपताच अक्षतांबरोबर सनई उचलणार होते. मी सुपारी दिली, गाडीभाड्याचं आणि दोन वेळच्या जेवणाचं बोलले. जेवणाबद्दल मी मुद्दाम बोलले. वाजवणाऱ्यांना अंगणाच्या कडेला बसवायचं आणि शेवटच्या पंगतीत उरलेलं वाढायचं, हे मी लहानपणी पाहिलं आहे. ज्यांच्या सुरावाचून देव हलत नव्हता आणि नवरदेव निघत नव्हता, त्यांना दिलेली ती वागणूक अन्यायाची होती. आमच्या मांडवात त्यांची पानं वऱ्हाडाबरोबर मांडली.

त्या दिवशी फेर धरला गेला. मुंबई-पुण्याहून आलेल्या लेकीच्या मैत्रिणींना पावलं ठाऊक नव्हती. माझ्या नणंदेने हात धरून दोन पावलं पुढे, एक मागे असं शिकवलं, तोवर ढोलवाला तेवढ्याच संथपणे तीच थाप देत राहिला. सगळ्यांची पावलं जुळली तसा त्याने वेग वाढवला, आणि अर्धा मांडव त्या फेरात ओढला गेला.

काकांचा पुतण्या टिमकीवर होता. एरवी तो धाटावच्या कारखान्यात कामाला जातो, पावसाळ्यात घरची लावणी करतो. सनई शिकायची आहे, पण वर्षभरात हाताला सुपाऱ्या किती येतात यावर त्याचं शिकणं अवलंबून आहे. कला जगवण्याची भाषणं त्याच्या फारशी उपयोगाची नाहीत. त्याला ठरलेली तारीख आणि रोख इसार हवा. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि चांगले बाजे आधीच ठरून जातात. यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी हॉल बघायला जाण्याआधी वाडीवर जावं, ओसरीवर बसावं आणि वाजवणाऱ्याला त्याचे प्रश्न विचारू द्यावेत.