आश्रिताचा हंगाम

२०१८ च्या फेब्रुवारीत इंग्लंडला जाताना माझ्या व्हिसावर 'टियर २' असे छापलेले होते आणि त्यापुढे 'आश्रित' या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. पत्नी भूलतज्ज्ञ आहे. कम्ब्रियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील एका रुग्णालयात तिला वर्षभराची नेमणूक मिळाली होती, आणि मी महाविद्यालयातून बिनपगारी रजा काढून तिच्यासोबत निघालो होतो. बारा वर्षे वर्गात साहित्यविचार शिकवणाऱ्या माणसाला एका सरकारी कागदाने 'दुसरी श्रेणी, आश्रित' असे बसवून टाकावे याचे हसू आले, तसे ते थोडे लागलेही. पुढे आठ महिने मी ज्या खेळाच्या नादी लागलो तोही दुसऱ्याच श्रेणीचा निघाला, हा निव्वळ योगायोग. परंतु साहित्याच्या माणसाला योगायोग सोडवत नाहीत, ही आपल्या जमातीची खोड वाचकांना ठाऊक आहेच.

वर्किंग्टन हे समुद्राकाठचे गाव कोळसा आणि पोलाद यांवर उभे राहिले. येथे ओतलेले रेल्वेचे रूळ जगभर गेले. २००६ साली रूळनिर्मिती येथून पूर्वेकडच्या स्कन्थॉर्पला हलवण्यात आली आणि गावाची मुख्य ओळखच सरली. मी पोचलो तेव्हा बर्फाच्या वादळाने पहिला आठवडा घरातच गेला. नंतर एका शनिवारी पत्नी रात्रपाळीला गेली असताना डरवेंट पार्क या मैदानाकडून एक लांबट, कर्कश, चढत जाणारा आवाज ऐकू आला म्हणून चालत गेलो. रग्बीच्या मैदानाभोवतीच मोटारसायकलींची लंबवर्तुळाकार धावपट्टी होती. फाटकापाशी पोचण्याआधीच वास आला, आणि मी क्षणभर थबकलो. तो वास एरंडेलाचा होता. या खेळातील इंजिनांना पूर्वापार एरंडेलाचे वंगण वापरत आले आहेत, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मात्र आठवली ती पहाटे नाक दाबून चमचा तोंडात घालणारी आजी. परदेशात घरची आठवण कोणत्या वाटेने येईल याचा नेम नसतो. माझी ती सारक औषधाच्या वाटेने आली.

खेळाचे नाव स्पीडवे. ऑस्ट्रेलियात १९२०च्या दशकात तो रुजला, आणि फेब्रुवारी १९२८ मध्ये लंडनजवळच्या हाय बीच येथे झालेल्या शर्यतींपासून इंग्लंडमध्ये त्याचे वेड पसरले असे मानतात. एका शर्यतीत चार स्वार, चार फेऱ्या, सगळा मामला मिनिटभराचा. पाचशे सीसीचे, मिथेनॉलवर चालणारे इंजिन, एकच गिअर, आणि ब्रेक नाहीत. स्वार धावपट्टीच्या भुकटीवर मागचे चाक घसरवत वळण घेतो, डाव्या पायाला बांधलेला पोलादी तळवा जमिनीवर टेकवतो, आणि गाडी डावीकडे वळत असताना पुढचे चाक चक्क उजवीकडे वळवून धरतो. जायचे एकीकडे आणि तोंड दुसरीकडे. काव्यशास्त्रात वक्रोक्तीचे विवेचन मी अनेकदा केले आहे. तिचे इतके रोकडे उदाहरण वर्गात देता आले असते तर विद्यार्थी झोपले नसते.

सामना सात-सात स्वारांच्या दोन संघांत होतो. पंधरा शर्यती, प्रत्येकीत दोन स्वार यजमानांचे, दोन पाहुण्यांचे. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, शेवटच्याला काही नाही. प्रेक्षक हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येक शर्यतीचा निकाल स्वतः पेन्सिलीने भरतात. फलक असतो, ध्वनिक्षेपकावरून घोषणाही होते, तरीही भरतात. माझ्या शेजारी दर शनिवारी एक वृद्ध गृहस्थ असत. आयुष्य रूळ कारखान्यात काढलेले. त्यांनी पहिल्याच दिवशी आपली जादा पेन्सिल माझ्यापुढे धरली. "भरल्याशिवाय सामना पाहिला असं होत नाही," म्हणाले. पुढे एकदा मी भारतातला, हे कळल्यावर त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही आमच्या रुळांवरून प्रवास केला असणार." मी नाही म्हटले नाही.

या पत्रिकेतील एक खूण मला फार आवडे. आपल्याच सोबत्याच्या मागोमाग येणाऱ्या, पण प्रतिस्पर्ध्याला मागे ठेवणाऱ्या स्वाराला एक बोनस गुण मिळतो. संघाच्या बेरजेत तो धरत नाहीत. स्वाराच्या नावावर तेवढा राहतो. सोबत्याला पुढे जाऊ देऊन त्याची पाठ राखणाऱ्याची ही नोंद. प्राध्यापकांच्या बढतीसाठी आपल्याकडे जी एपीआय नावाची गुणांकनाची तालिका आली, तिच्यात असा रकाना शोधून पाहावा.

आता 'दुसरी श्रेणी' म्हणजे काय, याविषयी. प्रारंभी माझी समजूत अशी की जे पहिल्या श्रेणीत पोचू शकले नाहीत ते इथे असतील. ती समजूत महिनाभरही टिकली नाही. या खेळात गुणतक्त्याच्या आधारे आपोआप वर जाणे आणि खाली येणे नाही. कोणी कुठे खेळायचे हे मुख्यतः खर्च कोणाला पेलतो यावर ठरते. शिवाय अनेक स्वार एकाच हंगामात दोन्ही श्रेणींत धावतात. सोमवारी वरच्या संघाकडून, शनिवारी खालच्या, मध्ये डेन्मार्क नाहीतर पोलंड. म्हणजे माणूस तोच, श्रेणी कागदाची.

या कागदाविरुद्ध एकदा उघड बंडही झाले होते. १९६० साली बंद पडलेली मैदाने जागी करत काही चालकांनी 'प्रॉव्हिन्शियल लीग' नावाची दुय्यम लीग उभी केली. दुय्यम असूनही ती भरभराटली, आणि वरची नॅशनल लीग मात्र आकसत गेली. १९६३ च्या अखेरीस साउदॅम्प्टनचे मैदान बंद होऊन वर एक जागा रिकामी झाली, तेव्हा नियामक मंडळाने फर्मावले की प्रॉव्हिन्शियल लीगचा विजेता वुल्व्हरहॅम्प्टन संघ वर यावा. ही बढती दुय्यम लीगने नाकारली! १९६४ चा सबंध हंगाम ती परवान्याविना खेळली. तेथे धावणाऱ्या स्वारांना अधिकृत स्पर्धांची दारे बंद झाली, तरी सामने होत राहिले आणि न्यूकॅसल संघाने ते विजेतेपद घेतले. अखेर लवाद बसला. न्यूरेंबर्ग खटल्यात ब्रिटनचे मुख्य अभियोक्ता राहिलेले लॉर्ड शॉक्रॉस या मोटारसायकलींच्या भांडणात न्याय द्यायला आले, आणि त्यातून १९६५ साली दोन्ही लीग विलीन होऊन अठरा संघांची ब्रिटिश लीग जन्मली. त्याच दशकात आपल्याकडे लघुनियतकालिके काढणाऱ्यांनी प्रतिष्ठित मासिकांकडे पाठ फिरवली होती. ही तुलना ताणू नये, हे मला कळते. तरीही 'वर' बोलावले असता 'नको' म्हणणारा १९६४ चा तो हंगाम ग्रंथालयात वाचताना मला अनेक जुनी पिवळी पाने आठवली, हे लपवत नाही.

१९६८ पासून दुसरी श्रेणी पुन्हा वेगळी झाली. नावे बदलत राहिली. २०१७ पासून तिचे नाव 'एसजीबी चॅम्पियनशिप'. वर्किंग्टनचा संघ, 'कॉमेट्स' म्हणजे धूमकेतू, १९७० साली सुरू झाला, १९८०च्या दशकात विझला आणि १९९९ मध्ये परतला. इतक्या वर्षांत लीगचे विजेतेपद मात्र एकदाही नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात हवा विलक्षण कोरडी आणि उष्ण होती. पावसाने सामने धुऊन जाण्याबद्दल कुप्रसिद्ध असलेल्या त्या किनाऱ्यावर धूळ उडत होती. बर्विक, ग्लासगो, एडिंबरा, न्यूकॅसल, रेडकार, शेफिल्ड, पीटरबरो. नकाशात मी कधी न पाहिलेल्या रस्त्यांची नावे मला त्या पत्रिकांमुळे पाठ झाली. स्कन्थॉर्पचा संघ आला त्या दिवशी आजोबांच्या पेन्सिलीला जरा जास्त टोक होते. रूळ तिकडे गेले, गुण तरी जाऊ नयेत!

संघात कम्ब्रियातलाच एकोणीस वर्षांचा डॅन बेव्ली होता. त्याचे वळण पाहताना मला पहिल्यांदा वाटले की हा खेळ केवळ धाडसाचा नाही, त्याला शैलीही आहे. इतर स्वार वळणाशी झगडत. हा वळणाची वाट पाहत असल्यासारखा दिसे. हंगामाच्या मध्यातच अपघातात तो जबर जखमी झाला. पुढच्या शनिवारी आजोबांनी पत्रिकेतील त्याच्या जागेवर आलेले नाव नेहमीपेक्षा सावकाश लिहिले. (पुढे हाच बेव्ली २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे कार्डिफला ब्रिटिश ग्रां प्री जिंकला. ते मी येथे घरी, भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिले. वास नव्हता.)

त्याच्यावाचूनही कॉमेट्स जिंकत राहिले. अंतिम फेरीत समोर लेकसाइडचा संघ आला. त्यांचे एसेक्समधील मैदान त्याच हंगामात हातचे गेले होते आणि उरलेले सामने ते राय हाउसच्या उसन्या मैदानावर खेळत होते. कॉमेट्स विजेते ठरले. लीग, नॉकआउट कप आणि चॅम्पियनशिप शील्ड असे तिन्ही मान एकाच वर्षी. आजोबांनी टोपी काढून डोके पुसले आणि पुन्हा घातली, इतकेच. मी उगाचच त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

"आता पुढच्या वर्षी हाच संघ ठेवतील?" मी विचारले. ते हसले. प्रत्येक स्वाराची सरासरी काढली जाते, आणि नव्या हंगामात सातही जणांच्या सरासरींची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागते. साऱ्यांची सरासरी वाढली की बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि कोणाला तरी सोडावे लागते. म्हणजे चांगले खेळल्याची शिक्षा म्हणून संघ फुटतो. लीग चुरशीची राहावी म्हणून हे आवश्यक आहे, असे त्यांनी मला समजावले. मला ते पटले. तरी आवडले नाही.

परंतु ती वेळच आली नाही. त्या हिवाळ्यात जाहीर झाले की २०१९ मध्ये वर्किंग्टनचा संघ धावणार नाही. फाटकावर येणारी माणसे कमी होत गेली होती आणि खर्च भागत नव्हता. लेकसाइडचा संघही नव्या हंगामात नव्हता. अंतिम सामना खेळलेले दोन्ही संघ पुढच्या वर्षीच्या यादीत नाहीत, असे दुसऱ्या कोणत्या खेळात घडत असेल तर मला माहीत नाही. एकदा बाजारात आजोबा दिसले. मी सांत्वनपर काही जुळवत होतो. ते म्हणाले, "आम्ही हरलो असतो तर निदान कारण तरी सांगता आलं असतं."

मार्च २०१९ मध्ये परतलो. आमच्या महाविद्यालयाचा मराठीचा पदव्युत्तर वर्ग मी नसताना चांगला चालला होता; त्या तुकडीतील दोन मुली सेट उत्तीर्ण झाल्या. वर्गात एकूण नऊ जण होते, त्यामुळे तो बंद करण्याचा प्रस्ताव आला. प्रस्तावासोबत विभागाचे टिपण लागते. मसुदा कार्यालयातून तयार होऊन आला होता आणि त्यात 'अपेक्षित शैक्षणिक दर्जा राखला न गेल्यामुळे' असे शब्द होते. संख्या कमी, असे लिहिले की प्रश्न निघतात. दर्जा, असे लिहिले की निघत नाहीत, असे मला सांगण्यात आले. ते कसे खोटे आहे हे त्या खोलीत माझ्याइतके स्पष्ट कोणालाच दिसत नव्हते. चार महिन्यांपूर्वीच मी तीन चषक मिळवलेला संघ बंद होताना पाहिला होता. मी त्या टिपणातील दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आणि सही केली.

त्या दोघींपैकी एकीचा पुढे दूरध्वनी आला होता. "सर, आमच्या वेळचा दर्जा खरंच इतका वाईट होता का?" तिने टिपण कोठून तरी पाहिले असावे. मी काय उत्तर दिले ते इथे लिहिण्याजोगे नाही, कारण ते उत्तर नव्हते.

२०२३ मध्ये कॉमेट्स पुन्हा धावू लागले. वर्किंग्टनमध्येच, नॉर्थसाइड या भागातील नव्या छोट्या धावपट्टीवर, आणि तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये. आजोबा तिथे जात असतील का, ते विचारायला माझ्याकडे त्यांचा पत्ता नाही. आठ महिने शेजारी बसूनही आम्ही एकमेकांची पूर्ण नावे विचारली नव्हती.

त्या हंगामाच्या पत्रिका माझ्याकडे एका फायलीत आहेत. टिपणाची प्रतही तिथेच ठेवली आहे. अंतिम सामन्याच्या पत्रिकेत मात्र अकराव्या शर्यतीचा रकाना कोरा आहे. तेव्हा मी लिहायचे विसरून नुसता पाहत राहिलो होतो. दोन्ही संघांचे गुण मिळून नव्वद व्हायला हवेत. माझ्या पत्रिकेत ते चौऱ्याऐंशीच भरतात. आजोबांनी त्यांच्या पत्रिकेवरून नंतर उतरवून घ्या म्हटले होते. ते राहिले.