चुकलं म्हणायचं नाही

मांजरी बुद्रुकच्या त्या इमारतीला लिफ्ट आहे, पण लिफ्टशेजारी पाटी आहे : 'गॅसची टाकी लिफ्टमधून नेऊ नये.' भरलेल्या टाकीत 14.2 किलो गॅस आणि वर जवळपास तेवढंच, कधी त्याहून थोडं जास्त लोखंड. म्हणजे तीसेक किलो खांद्यावर घेऊन आमच्या डिलिव्हरीच्या पोराने चार मजले चढायचे. वर गेल्यावर काट्यावर वजन दाखवायचं, सील काढायचं, व्हॉल्व्हच्या तोंडात पाण्याचे चार थेंब टाकून बुडबुडे येतात का ते बघायचं आणि मग कॅश मेमोवर सही घ्यायची. त्या मेमोवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, की टाकी माझ्यासमोर तपासून मिळाली. आजवर ते वाचून सही करणारं गिऱ्हाईक मला भेटलेलं नाही.

मी गॅस एजन्सीत हिशेब आणि इन्शुरन्सच्या फायली बघते. दिवाळीच्या आधीचा आठवडा होता. सकाळी साडेसातला फोन आला, त्या इमारतीतल्या ओळखीच्या काकूंच्या घरी भडका उडाला म्हणून. टाकी आदल्या संध्याकाळी आम्हीच दिलेली. काकूंना सर्दी, नाक चोंदलेलं, त्यामुळे वास आलाच नाही. हा गॅस हवेपेक्षा जड. रात्रभर झिरपून तो खालच्या ट्रॉल्यांमध्ये साठला होता. चहासाठी लायटर दाबला आणि आग जमिनीवरून धावली. पाय पोळले, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. शेजारच्या मुलाने ओलं फडकं टाकून रेग्युलेटर बंद केला. व्हॉल्व्हमधली रबराची रिंग, जिला आमच्याकडे सगळे वायसर म्हणतात, एका बाजूने चिरलेली निघाली. दोन-तीन रुपयांची वस्तू असेल.

मी निघाले तर मालकांनी हाक मारली. "जा, दवाखान्याचं बघ. पण तिथे चुकलं-बिकलं म्हणू नकोस. पॉलिसीत लिहिलंय."

खरंच लिहिलेलं आहे. एजन्सीच्या पॅकेज पॉलिसीत गोडाऊनमधला माल, रोकड, कामगार यांच्याबरोबर पब्लिक लायबिलिटीचा एक भाग असतो. आमच्यामुळे तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं आणि ते आम्ही भरून द्यायला कायद्याने बांधील ठरलो, तर विमा कंपनी देते. पण अट अशी, की कंपनीला विचारल्याशिवाय दोष कबूल करायचा नाही. कंपनीच्या बाजूने ते समजतं, कोणीही भिडेखातर कबूल व्हायचं आणि पैसे तिने मोजायचे. पण भाजलेल्या बाईसमोर उभं राहून ते पाळून बघा.

काकू पलंगावर होत्या. "अगं, नीट बघून दिली होती ना गं टाकी?" मी म्हटलं, "काकू, आधी तुम्ही बऱ्या व्हा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पाण्याची बाटली भरायला बाहेर गेले.

दवाखान्याचं बिल अडलं नाही. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी वेगळा विमा उतरवलेला असतो, ग्राहकाला त्याचा हप्ता भरावा लागत नाही. अपघाताचं मूळ कारण गॅस असेल तर मृत्यूला माणशी 6 लाख, उपचारांना माणशी 2 लाखांपर्यंत आणि एका घटनेला मिळून 30 लाख. मालमत्तेच्या नुकसानीला 2 लाखांपर्यंत, पण नोंदवलेल्या पत्त्यावर असेल तरच. काकूंचं कनेक्शन मुंढव्याच्या जुन्या घराच्या पत्त्यावर. मांजरीत येऊन चार वर्षं झाली, पत्ता बदलला नव्हता आणि ओळखीचं घर म्हणून आम्हीही तसंच चालू दिलं. 2021 साली मांजरी पुणे महापालिकेत आली, इमारतींमागून इमारती उठल्या. आमच्या रजिस्टरमध्ये अशी किती कुटुंबं अजून जुन्याच घरात राहताहेत, ते मोजायची मला भीती वाटते.

अमेरिकेत घर ऊबदार ठेवायला तेलाचे टँकर दारोदारी फिरतात. तिथेही या धंद्याला पत्त्याचंच भय. घरातली जुनी टाकी काढलेली असते, भिंतीबाहेरची नळी तशीच राहते आणि घर चुकलेला टँकरवाला त्या नळीतून सगळं तेल तळघरात सोडून मोकळा होतो. चुकीच्या ठिकाणी पोचवलेल्या मालासाठी तिथे वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, साध्या पॉलिसीत ते बसत नाही.

आपल्याकडे असल्या जबाबदारीचा कायदा 1991चा, भोपाळनंतरचा. चूक कोणाची हे सिद्ध न करताही तातडीची मदत मिळावी, म्हणून धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्यांना विमा सक्तीचा केला. मृत्यूला तेव्हाची रक्कम होती 25 हजार आणि मालमत्तेला 6 हजार. काकूंच्या ट्रॉल्यांचं एक दारही त्यात आलं नसतं.

ट्रॉल्या आणि फ्रिजच्या भरपाईसाठी उरली आमची पॉलिसी. सर्व्हेअर आला, फोटो काढले, मेमो मागितला. मेमोवर काकूंची सही. "तपासून मिळाल्याची सही आहे. मग तुमची चूक कुठली?" तो म्हणाला. आमची चूक नाही, तर क्लेमही नाही. मालकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला, खोटं कशाला सांगू.

पोरगा दाराशी उभा होता. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. "साहेब, मी पाणी टाकलं नव्हतं. टेम्पोत अजून अकरा टाक्या होत्या. सही आधीच घेतली, जिन्यातच."

सर्व्हेअरने पेन थांबवलं. "लिहून देशील?"

त्याने लिहून दिलं. शुद्धलेखन भयंकर, पण अक्षर ठसठशीत. मालक त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. काढून टाकतील असं वाटलं होतं, पण टाकलं नाही. माणसं मिळत नाहीत हेही एक कारण असावं.

क्लेम मंजूर व्हायला होळी उजाडली. घसारा वजा, पहिली ठरावीक रक्कम आमच्या खिशातून. ट्रॉल्या झाल्या, फ्रिजचे निम्मेच मिळाले. मधल्या काळात मी काकूंना पत्ता बदलायचा फॉर्म भरून दिला, वीजबिलाची झेरॉक्स स्वतः काढून आणली.

पुढच्या टाकीच्या वेळी मी पोराबरोबर गेले. त्याने सील काढलं. काकूंनी फुलपात्रात पाणी आणून त्याच्या हातात दिलं आणि पदराने कपाळ पुसत तिथेच खाली बसल्या. हातावरची कातडी अजून गुलाबी होती. त्याने थेंब टाकले. आम्ही तिघंही वाकून व्हॉल्व्हच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"काकू," मी म्हटलं, "तेव्हा चुकलं आमचं."

"ते मला तेव्हाच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "बुडबुडा आला का बघ आधी."