पैनगंगेकाठची फुलपाखरे आणि आपले परस

यवतमाळहून आर्णी, महागाव करीत नांदेडच्या रस्त्याला लागलात की पैनगंगेच्या थोडे अलीकडे उमरखेड येते. पुढे मार्लेगावचा पूल ओलांडला की विदर्भ संपला, मराठवाडा सुरू झाला. त्यामुळे इथल्या बोलीत, बाजारात आणि पिकांतही दोन्हीकडची सरमिसळ आहे. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी जिथे पोहोचले तिथे ऊस, हळद आणि केळी डोलते. जिथे पोहोचले नाही तिथे कपाशी, तूर आणि सोयाबीन. ढाणकीवरून बिटरगावकडे निघालात तर शेते मागे पडून सागाचे जंगल सुरू होते. याला इथले लोक ‘बंदी भाग’ म्हणतात. पैनगंगा अभयारण्य ते हेच.

या भागात यायचे तर पोळा झाल्यावर या. पाऊस उघडीप देऊ लागलेला असतो, उन्हे कोवळी असतात आणि पायवाटेच्या दोन्ही बाजूंना तरोटा कमरेएवढा झालेला असतो. सकाळी नऊच्या सुमारास ऊन जरा तापले की त्या तरोट्यातून पिवळी फुलपाखरे उठू लागतात. नदीकाठी ओल्या रेतीवर तर ती थव्याने बसलेली दिसतात. ती पाणी पिण्यापुरती बसत नाहीत. ओल्या मातीतले क्षार शोषून घेतात. असे रेतीवर बसणारे बहुतेक नर असतात. सहस्रकुंडाला पैनगंगा काळ्या खडकावरून कोसळते. एका काठाला आपला उमरखेड तालुका, दुसऱ्या काठाला नांदेड जिल्हा. लोक धबधबा पाहायला जातात. तुम्ही गेलात तर काठच्या ओलसर मातीकडेही एकदा पाहा.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, फुलपाखरे पाहून पोट भरते का? प्रश्न रास्त आहे. पण आधी ही फुलपाखरे कशावर जगतात ते पाहू.

फुलपाखरू मध पिते फुलांतला, पण अंडी घालते ते ठरावीक झाडाच्या पानावरच. अंड्यातून निघालेली अळी तीच पाने खाऊन वाढते. दुसरे पान दिले तर ती उपाशी मरेल, पण खाणार नाही. तांबड्या पंखांचे, काळ्या काठाचे जे फुलपाखरू आपण बारमाही पाहतो, त्याची अळी रुईवर वाढते. शनिवारी मारुतीला जिची माळ घालतो तीच ही रुई. पिवळ्या फुलपाखरांची अळी तरोट्यावर आणि बहाव्यावर. मृगाच्या पावसानंतर तरोट्याची कोवळी भाजी आपणही आवडीने खातो. अळी उरलेली खाते. तेंदूच्या पानावर वाढणारे एक केशरी फुलपाखरू बंदी भागात दिसते. घोळीच्या भाजीवर, कोरांटीवर, एरंडीवर अशीच एकेकाची बिऱ्हाडे आहेत. म्हणजे आपण ज्याला तण किंवा रान म्हणून उपटून टाकतो, ते कुणाचे तरी घर असते.

आणि गोडनिंब, म्हणजे कढीपत्ता! तो तर प्रत्येक घराच्या मोरीच्या पाण्यावर असतोच. त्याच्या कोवळ्या पानावर चिमणीच्या विष्ठेसारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसला तर झटकून टाकू नका. ती अळी आहे. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून तिने ते सोंग घेतलेले असते. पुढे ती हिरवीगार होते. तिला काडीने डिवचले तर डोक्यामागून तांबूस, दुभंगलेले शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना हे जरूर दाखवा. दोन-तीन आठवड्यांनी ती काटकीला कोष करते आणि साधारण दहा दिवसांत त्यातून काळे-पिवळे ठिपक्यांचे फुलपाखरू बाहेर पडते. महाराष्ट्राने 2015 साली ज्याला राज्य फुलपाखराचा मान दिला, ते ब्ल्यू मॉर्मॉन, म्हणजे नीलवंत, याच लिंबू कुळातल्या झाडांवर वाढते. राज्याचे फुलपाखरू ठरवणारे आपले राज्य देशात पहिले.

अळी म्हटले की शेतकऱ्याचा हात फवाऱ्याकडे जातो. त्यात त्याची चूक नाही; अळीने त्याला बुडवलेले आहे. पण शत्रू नीट ओळखून घ्या. कपाशीची बोंडअळी असो की तुरीवरची घाटेअळी, त्या पतंगांच्या अळ्या आहेत, फुलपाखरांच्या नाहीत. पतंग बहुधा रात्री उडतो, त्याचे अंग जाड व केसाळ असते. फुलपाखरू दिवसा उडते आणि त्याच्या मिशांच्या टोकाला बारीक गाठ असते.

तरी फुलपाखरांपैकी सगळीच निरपराध आहेत असे मी सांगणार नाही. डाळिंबाचे फळ पोखरणारी अळी फुलपाखराचीच. तुरीच्या फुला-शेंगांवर एक निळे फुलपाखरू येते. आपल्या हळदीचे पान गुंडाळून आत बसणारी अळीही एका काळपट, पांढऱ्या ठिपक्यांच्या फुलपाखराची आहे. मात्र हळदीत तिचा उपद्रव बहुधा थोडाच असतो. गुंडाळलेली पाने वेचून काढली तरी भागते. लिंबाची रोपे दोन-तीन वर्षांची होईपर्यंत अळ्या हाताने वेचाव्यात. वेचलेल्या अळ्या परसातल्या मोठ्या गोडनिंबावर सोडल्या तर तुमचे रोपही वाचेल आणि फुलपाखरूही.

आता परसाची आखणी. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब एवढी उन्हाची जागा पुरे. वाऱ्याच्या बाजूला आडोसा हवा. कुडाची भिंत किंवा तुराट्यांचे कुंपण चालेल. मागच्या ओळीत गोडनिंब, लिंबू, एखादी एरंडी. रुई परसात नको असेल तर कुंपणाबाहेर राहू द्या. तिचा चीक डोळ्यांत जाणार नाही एवढी मुलांना समज द्या. मधल्या ओळीत जास्वंद, कोरांटी, सदाफुली. पुढे झेंडू, झिनिया, तुळस आणि सब्जा. फुलझाडे एकेक विखरून लावू नका. एका जातीची पाच-सहा एकत्र लावा. फुलपाखराला दुरून रंगाचा पट्टा दिसला की ते उतरते. झेंडूचे बी मृगात टाकले तर दसऱ्याला तोरणही होते. सांभार, शेपू आणि बडीशेप यांची चार-चार झाडे काढणी न करता फुलावर येऊ द्या. एका पसरट थाळीत रेती भरून ती ओली ठेवा. कंबरमोडी, म्हणजे एकदांडी, काठाकाठाने उगवली तर तशीच असू द्या. लहान फुलपाखरे तिच्यावर फार रमतात. घाणेरीवर फुलपाखरे येतात हे खरे, पण ती मुद्दाम लावू नका. परदेशातून आलेले ते झुडूप जंगल गिळत चालले आहे.

घरच्या बाईला यासाठी वेगळे पाणी शेंदावे लागणार नाही. भांडी धुतलेले आणि मोरीचे पाणी पुरते.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर. परागीभवनाचे मोठे काम मधमाशी करते, फुलपाखराचा वाटा त्या मानाने लहान. परंतु जे परस फुलपाखराला मानवते ते मधमाशीलाही मानवते. सांभार-शेपूच्या बारीक फुलांवर ढालकिडे, क्रायसोपा आणि अळ्यांच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या येतात. त्या तुमच्या कपाशीतला मावा आणि अळ्या फुकट मारतात. कपाशीभोवती चवळी, मका आणि झेंडूची ओळ लावा असे आम्ही सांगतो, ते याच हिशेबाने.

दुसरे कारण अधिक जड आहे. 2017 सालच्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडोंना दवाखान्यात ठेवावे लागले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला फडके नाही, हातात मोजे नाहीत. त्या घरांतल्या पोरक्या मुलांपुढे उभे राहून कुठलीही शिफारस वाचून दाखवता येत नाही.

फवाऱ्याचे तुषार धुऱ्यावर थांबत नाहीत. वारा असला तर ते परसातल्या तुळशीवर, सांभारावर, गोडनिंबावर येऊन बसतात आणि तिथून ताटात. माणसाला त्रास व्हायच्या आधी पानावरच्या अळ्या मरतात. ऐन पावसाळ्यानंतर, फुले असूनही, परसात एकही फुलपाखरू फिरकत नसेल तर विचार करा: कोणते औषध, कोणत्या वाऱ्यात, किती वेळा मारले गेले? परसात फवारणी नकोच. शेतात करायची तर आधी झाडे मोजून, किडीने नुकसानीची पातळी गाठली असेल तरच; एका वेळी एकच औषध, वारा पडलेला असताना, वाऱ्याकडे पाठ करून, अंगभर कपडे, तोंडाला मुसके आणि हातांत मोजे घालून. मजुरालाही हे साहित्य आपणच द्यावे.

येत्या मृगाला एवढेच करा: गोडनिंबाचे एक रोप, झेंडूची एक ओळ, शेपूचा एक वाफा, आणि कुंपणालगतचा हातभर तरोटा न उपटता ठेवा. मुलांना वहीत टिपायला सांगा, कोणते फुलपाखरू कधी आले, कशावर बसले. दोन वर्षांची ती वही मला दाखवा. तुमच्या धुऱ्यावर औषध किती उडते, ते तुम्हीच मला सांगू शकाल.