कॅमेऱ्याच्या पोटातले सात फोटो

मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात एखादा डिजिटल कॅमेरा पडून असेल. दहा-पंधरा वर्षांपूर्वी कौतुकानं घेतलेला, मोबाइल आल्यावर मागे पडलेला, आणि कधीतरी बाहेर काढावा तर चालूच न होणारा. "ह्याचे सुटे भाग मिळत नाहीत, वहिनी. टाकून द्या," असं दुकानदार सांगतो आणि घरातली पुरुषमंडळी लगेच मान डोलावतात. माझं म्हणणं एवढंच, की टाकण्यापूर्वी त्याच्या पोटात काय आहे ते बघा.

एरवी फोटो असतात कार्डावर. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी 1975 साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हाही चित्र साठवायला चक्क कॅसेटची टेप होती. एक चित्र तिच्यावर उतरायला 23 सेकंद लागत. टिपणारं यंत्र वेगळं आणि साठवण वेगळी, ही सोय अशी पहिल्यापासूनची. त्यामुळे कॅमेरा बंद पडला तरी कार्ड काढून कॉम्प्युटरवर बघता येतं. आम्हीही तेच केलं. सहली निघाल्या, मुलांचे वाढदिवस निघाले. पण 2012 च्या दिवाळीत काढलेले सासूबाईंचे फोटो त्यात नव्हते.

पुढच्याच वर्षी त्या गेल्या. भिंतीवर आहे तो फोटो बँकेच्या पासबुकासाठी काढलेला, नंतर मोठा करून घेतलेला. त्यात त्या रागावल्यासारख्या दिसतात, आणि आमच्या सासूबाई मुळीच तशा नव्हत्या हो! धाकटीला तर आजी म्हणजे तो फोटोच ठाऊक.

विचार करता करता आठवलं, त्या दिवाळीत कार्ड भावोजींकडे गेलेलं होतं. तरीही फोटो निघाले होते! बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांना स्वतःची थोडीशी आतली मेमरी असते. कार्ड नसलं की फोटो तिच्यात जातात, आणि कार्ड घातलं की हे आतले फोटो दिसेनासे होतात. आपल्याला वाटतं गेले. असतात मात्र तिथंच. पण ते काढायचे तर कॅमेरा जिवंत व्हायलाच हवा.

सेलचं झाकण उघडलं, तर आतल्या पत्र्यांवर पांढरी खरपुडी. जुने अल्कलाइन सेल पाझरले की अशी धरते. तो द्रव अल्कली, म्हणून त्याला आंबटाचा उतारा: कापसाच्या काडीवर व्हिनेगरचे दोन थेंब (नसेल तर लिंबाचा रस) घेऊन पत्रे हलक्या हातानं पुसायचे. बोटांना लागू द्यायचं नाही. मग कोरड्या काडीनं टिपून झाकण रात्रभर उघडं.

सकाळी ह्यांनी भिंतीवरच्या घड्याळाला घालतो ते साधे पेन्सिल सेल आणले. कॅमेरा चालू झाला, लेन्स अर्धी बाहेर आली नि सगळं विझलं. "बघ, मी म्हणत नव्हतो?" अहो, पण घड्याळाला लागते थेंबभर वीज आणि कॅमेऱ्याला एकदम घोटभर! साध्या सेलला ते झेपत नाही. मुलाच्या खेळण्यातले चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राइड सेल भरून घेतले. त्यांच्यावर 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्यावर 1.5, तरी कॅमेरा चालतो तो ह्यांच्यावरच. लेन्स पूर्ण बाहेर आली. कार्ड न घालता फोटो बघायचं बटण दाबलं, आणि पडद्यावर सासूबाई!

आता ते कार्डावर घ्यायचे. मेनूत 'कॉपी' सापडलं, पण कार्ड घातल्यावर 'कार्ड लॉक्ड' अशी पाटी. कार्डाच्या कडेला नखाएवढी सरकपट्टी असते, ती खाली सरकली होती. वर केली, झालं काम. अशा वेळी पडद्यावर 'फॉरमॅट' करू का असं विचारलं, तर फोटो हवे असताना हो म्हणू नका. आणि नवं कार्ड घ्यायची वेळ आली तर 32 जीबीचं उचलू नका. 2006 पूर्वीचे कॅमेरे 2 जीबीपेक्षा मोठं कार्ड बहुधा वाचतच नाहीत, आणि दोष मात्र कॅमेऱ्याला लागतो.

सात फोटो निघाले. तीन हललेले. एकात सासूबाई करंजीची कड मुरडताहेत, एकात "फोटो नको गं" म्हणून पिठाचा हात पुढे केलाय आणि त्या हाताआडून हसताहेत. धाकटी कितीतरी वेळ बघत बसली, मग म्हणाली, "आजीला पुढचा दात नव्हता?" तोच फोटो मोठा करून आणला. जुना उतरवायला हे अजून तयार नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी आहेत.

कॅमेरा ठेवताना सेल बाहेर काढून ठेवते. आमच्या रत्नागिरीच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते आणि चामड्याच्या पाकिटात ओल अधिकच कोंडते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा आणि नव्या चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. तांदळात मात्र पुरू नका. त्याची भुकटी लेन्सच्या फटीत जाऊन बसते.