अल्लाउद्दीनचा दिवा

गाडीच्या मीटरमध्ये एक लाल दिवा असतो. अल्लाउद्दीनच्या दिव्यासारखं चित्र, चोचीतून पडणारा एक थेंब. इंजिनातलं तेल कमी झालं की हा दिवा लागतो, असं निम्म्या जगाला वाटतं (यात पदवीधर इंजिनिअर मंडळीही आली). तर तसं नाहीये. बहुतेक गाड्यांत तो तेल किती आहे हे बघतच नाही. तो बघतो तेलाचं प्रेशर, आणि तेही धड मोजत नाही. इंजिनवर एक साधा स्विच बसवलेला असतो. प्रेशर साधारण अर्ध्या किलोच्या खाली गेलं की दिवा लागतो, वर गेलं की विझतो. (गॅरेजच्या भाषेत किलो म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर एक किलो. एक बारच समजा.) प्रेशर पाऊण किलो आहे की चार, याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. एक बिट. शून्य नाहीतर एक.

म्हणून हा दिवा लागल्यावर "पुढच्या गावापर्यंत हळूहळू नेऊ" असलं काही करायचं नसतं. गाडी बाजूला घ्यायची आणि चावी बंद.

ही सगळी उजळणी झाली ती तिसगावच्या मामांच्या गाडीमुळे. तिसगाव म्हणजे नगरहून पाथर्डीला जाताना करंजी घाट उतरल्यावर लागतं ते. मढीला किंवा मोहट्याला गेला असाल तर तिथे थांबून चहा प्यायला असाल. मामांची गाडी २०१४ ची, डिझेल, १२४८ सीसी. फियाटचं मल्टिजेट इंजिन. हेच इंजिन स्विफ्टमध्ये होतं, इंडिका व्हिस्टामध्ये होतं, पुंटोमध्ये तर होतंच. आपल्या पुणे-नगर रस्त्यावर रांजणगावला बनायचं, तिकडे मानेसरलाही बनायचं. २०२० च्या एप्रिलमध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीने डिझेलच बंद केलं. पण गावाकडे ही इंजिनं अजून ढिगाने पळताहेत.

आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नगरला न्यावं लागतं. म्हणजे दोनदा करंजी घाट चढायचा. आणि दिवा लागायचा तो नेमका घाटात.

पहिल्या गॅरेजने सेन्सर बदलला. पुन्हा दिवा लागला तेव्हा पुन्हा सेन्सर बदलला! (आपल्याकडे प्रॉडक्शनचा अलर्ट रात्री तीनला वाजायला लागला की थ्रेशोल्ड वाढवून झोपणारे महाभाग असतात, त्यांचेच हे चुलतभाऊ.) दुसऱ्या, नगरच्या मोठ्या चकाचक वर्कशॉपमध्ये गाडी दोन दिवस उभी होती. तिथे दिवा एकदाही लागला नाही, तरी निदान झालं: "बेरिंगं गेली, इंजिन उतरवावं लागेल, सव्वा लाख धरून चाला." मामा गाडी विकायच्या तयारीत होते. मी शनिवारी पोचलो तेव्हा म्हणाले, "तू इंजिनिअर ना रे? सांग बरं आता, इकू का ठिवू?"

मी मेकॅनिकल केलं आणि नंतर जावात आलो, तेव्हा माझ्या मताला किती किंमत ते सोडा. पण मामांची एक सवय फार कामाची निघाली. डिझेल भरलं की तारीख, किलोमीटर, रुपये असं सगळं ते डायरीत टिपतात, आणि दिवा कधी कधी लागला तेही त्यात होतं. म्हणजे चक्क लॉग! आठ नोंदी. एकही गाडी नुसती उभी असताना नाही, एकही थंड इंजिनावर नाही. प्रत्येक वेळी वीसेक मिनिटं चालल्यावर, चढावर, रेस जास्त असताना. आणि थोडं थांबून पुन्हा चालू केली की दिवा गायब.

बेरिंगं झिजली असती तर नेमकं उलट दिसलं असतं. तेलाचा प्रवास बघा. खाली चेंबरमध्ये तेल साठतं, तिथून जाळीतून पंप ते ओढतो, मग फिल्टर, मग मुख्य गॅलरी. तिथून क्रँकच्या बेरिंगांना, वर कॅमशाफ्टला, आणि एका बारीक नळीतून टर्बोला. बेरिंग झिजलं की फट वाढते आणि तेल तिथून निसटतं. अशा वेळी प्रेशर पडतं ते इंजिन गरम असताना आणि फेरे कमी असताना, म्हणजे सिग्नलला उभं असताना. रेस दिली की पंप जोरात फिरतो आणि दिवा विझतो. मामांचा दिवा रेस दिल्यावर लागत होता. म्हणजे गळती पुढे नव्हती, पंपाला मागूनच तेल मिळत नव्हतं. चढावर किंवा वळणावर लागणाऱ्या दिव्याचं आणखी एक कारण म्हणजे तेलच कमी असणं, सगळं एका बाजूला जातं आणि जाळी उघडी पडते. पण पट्टीवर तेल बरोबर होतं. पट्टीचा वासही घेतला, डिझेलचा वास नव्हता. इंजेक्टर गळून डिझेल तेलात मिसळलं की तेल पातळ होतं. (बीएस-६ डिझेल असेल तर हे नक्की बघा. धुराचा फिल्टर साफ करताना जास्तीचं डिझेल सोडतात, त्यातलं थोडं खाली तेलात उतरतं. पट्टीवर तेल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका.) रंगावर मात्र जाऊ नका, डिझेलचं तेल चार दिवसांत काळं होतंच.

तिसगावातल्या फिटरने डायरी शांतपणे वाचली, आणि काहीही खोलायच्या आधी सेन्सर काढून त्या भोकात काट्याचं गेज लावलं. इतकी साधी गोष्ट दोन्ही गॅरेजमध्ये कुणी केली नव्हती. इंजिन गरम केलं. नुसतं चालू असताना सव्वा किलो, छान. दोन हजारला अडीच. मग तीन हजारला धरून ठेवलं. काटा साडेतीनवर गेला, मिनिटभर राहिला, थरथरायला लागला आणि खाली आला... दोन... एक... बंद! फिटर म्हणाला, "चला, चहा घेऊ." मला वाटलं कंटाळला. पण चहा हाही टेस्टचाच भाग होता. दहा मिनिटांनी पुन्हा चालू केली तर परत साडेतीन. पंप ओढत असतो तोवर कचरा जाळीला चिकटून राहतो, बंद केलं की सुटून खाली पडतो. दोन दिवस वर्कशॉपमध्ये नुसत्या उभ्या गाडीत तो कुणाला कसा दिसणार? आमच्याकडे टेस्टर आणि डेव्हलपर यांची भांडणं याच्यावरच होतात.

चेंबर उतरवला. जाळीवर सिलिकॉन पेस्टचे शेवयांसारखे तुकडे. वर्षापूर्वी गावच्या रस्त्यावर दगड लागून चेंबर पिचकला होता, तेव्हा कुणीतरी बसवताना हात सैल सोडून पेस्ट थापली होती. बाहेर आली ती पुसली, आत आली ती वाळून सुटली.

इथे फिटरने एक गोष्ट केली ती मला फार आवडली. जाळी धुऊन मोकळा झाला नाही. "उपाशी किती चाललंय ते बघावं लागंल," म्हणत एका कनेक्टिंग रॉडची टोपी खोलली. बेरिंगवर बारीक ओरखडे होते, पण तांबं उघडं पडलं नव्हतं. टर्बोचा दांडा हाताने हलवून बघितला. टायमिंग चेनचा आवाज कान लावून ऐकला, कारण या इंजिनात बेल्ट नाही, चेन आहे, आणि तिचा ताण तेलाच्या प्रेशरवरच टिकतो. प्रेशर नसताना चेन सैल होऊन दात चुकली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग सव्वा लाखही पुरत नाहीत. "आत्ता बरंय," तो म्हणाला, "पण पुढचं मी लिहून देणार न्हाई." नवं तेल, नवा फिल्टर, मजुरी धरून बिल साडेसहा हजार. हजार किलोमीटरनंतर तेल पुन्हा बदलायचं आणि फिल्टर उघडून बघायचा, ही अट.

तो फिल्टर गेल्या शनिवारी उघडला. कागदाच्या घड्यांत सिलिकॉनचे दोन कण सापडले, धातूची चमक नाही. मामांनी तरी डॅशबोर्डवर काट्याचं मीटर कायमचं बसवून घेतलंय. आजी पुढच्या सीटवर बसते, चष्मा लावते आणि घाट चढताना वाचून दाखवत असते, "तीनावं हाय रे. चाल."